मुऱ्हाळ्याशिवाय निघायचं नाय

त्या दिवशी मी एकच गोष्ट ठरवली होती: आपण काही बोलायचं नाही.

हे ठरवायला मला फारसे कष्ट पडत नाहीत. मी मुळातच अबोल. लग्न ठरताना तुडीलच्या मंडळींना माझ्यातलं हेच आवडलं होतं. "पोरगी गाय हाय अगदी," असं सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या, आणि आमच्या गोठ्यातल्या दोन्ही गाई दिवसभर किती हंबरतात हे माहीत असूनही आई गप्प बसली. लग्नाला महिना होत आला होता, आणि एवढ्या काळात मी सासरी 'हो', 'नको' आणि 'वाढू का?' यापलीकडे काही बोलले नव्हते. गरजच पडली नाही. या घरात बोलायचं काम सासूबाई करतात, ते खोडून काढायचं काम सासरे करतात, आणि दोघांचं म्हणणं मुळात एकच कसं आहे हे समजावून देण्याचं काम आमचे हे करतात. (ह्यांचं नाव विनीत. महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहेत. कशाची क्वालिटी, हे मी अजून विचारलेलं नाही.)

आणि मग अरबी समुद्रात वादळ उठलं.

त्याचं नाव टीव्हीवाले तीन तऱ्हांनी उच्चारत होते, म्हणून सासूबाई त्याला नुसतं 'तो मेला' म्हणायच्या. "तो मेला कुठवर आला रे?" असं त्या फोनवर विचारायच्या, आणि मुंबईहून माझे दीर ओमभावजी सांगायचे. त्यांच्या मोबाइलमध्ये एक नकाशा होता, त्यात वादळ भोवऱ्यासारखं गरगरताना दिसायचं.

"आई, लाल रंग बरोबर आपल्या घरावर हाय."

"आपल्याच का? सदूच्या घरावर नाय?"

"थोडा त्याच्यावर पण हाय."

"मग ठीक हाय," सासूबाई म्हणाल्या.

दुपारी ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरली. नदीकाठच्या लोकांनी उद्या संध्याकाळच्या आत सुरक्षित ठिकाणी जावं, शाळा उघडी ठेवली आहे, वगैरे. आमचं घर सावित्रीच्या इतकं काठावर आहे की मागच्या दारातून खरकटं पाणी फेकलं तर ते थेट बाणकोटच्या खाडीतच पोचावं. ओटीच्या भिंतीवर मागच्या पुराची खूण आहे. सासऱ्यांनी ती पुसू दिलेली नाही, उलट दरवर्षी रंग देताना तिच्याभोवती चौकट आखून घेतात. आल्यागेल्याला ती दाखवायची त्यांना हौस. तर जायला हवं, यावर एकमत होतं. प्रश्न फक्त कुठं, एवढाच होता.

ओटीवर बैठक बसली. मी चहा घेऊन उंबऱ्याशी उभी राहिले.

"महाडला मावशीकडे जाऊ," हे म्हणाले.

"मावशी तळमजल्यावर राहते," सासरे म्हणाले. "पाणी आलं का तीच पयली आपल्याकडं येते."

"मग मुंबईला. ओमकडे."

फोन अजून चालूच होता. त्यातून ओमभावजी घाईघाईने म्हणाले, "बाबा, तसा लाल रंग इकडं पण येतोय हां."

"मग शाळा तर आहेच," हे म्हणाले. "टेपाडावर आहे, स्लॅबची आहे. बेस्ट ऑप्शन."

सासऱ्यांनी तोंड फिरवलं. मी नवी असले तरी मला त्याचा अर्थ कळला. शाळेची चावी शाळा समितीच्या अध्यक्षांकडे, अध्यक्ष म्हणजे सदूभाऊ, आणि सदूभाऊ म्हणजे ते गृहस्थ, ज्यांच्या अंगणात काही वर्षांपूर्वी शिमग्याची पालखी आमच्या आधी नाचली. तेव्हापासून सासरे त्यांच्याशी बोलत नाहीत. समोरून आले तर रस्ता बदलतात. (गावाला रस्ता एकच आहे, त्यामुळे सासरे बांधावर उतरून उभे राहतात.)

"सदूच्या चावीनं उघडलेल्या दारातनं मी आत पाय ठेवीन व्हय?" सासरे म्हणाले. "त्यापरास सावित्रीत बसंन."

"बसा. वडे तळून देते संगतीला," सासूबाई म्हणाल्या.

आणि मग सासऱ्यांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. "अगं, कुडपण!" ते म्हणाले. "सुनेचं माहेर! सगळ्यांत उंच. सावित्री काय पोलादपूरचा डोंगर चढून येणार नाय!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"बघ कशी लाजली," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "माहेराचं नाव काढलं का झालं."

मी लाजले नव्हते. मला आमचे पत्रे आठवले होते.

कुडपण उंच आहे, हे खरं. पण उंचावर पाणी चढत नसलं तरी वारा चढतो. चढतो कसला, तिथंच राहतो. साध्या पावसाळ्यातसुद्धा आमच्याकडे पत्र्यावर दगड ठेवतात, दगडावर आणखी एक दगड ठेवतात, आणि एवढं करून आप्पांना झोप येत नाही म्हणून ते पत्रा तारेने मागच्या फणसाला बांधतात. म्हणजे उडायचंच झालं तर पत्र्याला फणस घेऊन उडावं लागेल. आप्पा, आई आणि धाकटा भाऊ सार्थक या वादळात त्या पत्र्याखाली बसणार, या विचाराने सकाळपासून मी फोन लावत होते, पण वारा सुटला की कुडपणची रेंज सगळ्यांत आधी जाते. आणि आता या घरातली माणसंही त्याच पत्र्याखाली जाऊन बसणार होती.

हे सांगायला हवं होतं. पण कसं सांगणार? 'कुडपणला चला' म्हटलं, तर सून निमित्तच शोधत होती. 'कुडपण नको' म्हटलं, तर सुनेला सासू माहेरी नको. आजवर माहेरी जायला नको म्हणणारी सून कुणी पाहिली आहे का? त्यात मला माहेरी जायचं होतंच. लग्नानंतरची परतवणी घाईघाईत उरकली होती, सकाळी गेलो आणि ह्यांची सेकंड शिफ्ट म्हणून संध्याकाळी परत. चांगलं आठ-पंधरा दिवसांचं माहेरपण अजून व्हायचं होतं, आणि मी त्याची वाट पाहत होते.

संध्याकाळी बोचकी बांधताना मी धीर करून ह्यांना म्हटलं, "अहो, कुडपणला वारा फार असतो."

"मस्त ना? मला आवडतो."

"पत्रे आहेत आमच्याकडे."

"हो, पावसाचा आवाज काय भारी येत असेल!"

पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "का गो, आमी यायला नको तुझ्या माहेरी?"

"नाही, तसं नाही," मी म्हटलं, आणि एका दिवसाचं बोलणं संपवून टाकलं.

सामान बांधून झालं. भांडी, धान्य, गॅसची टाकी, सगळं माळ्यावर चढवून दोरीने बांधलं. घरातले देव टोपलीत बसले. सकाळी सासऱ्यांच्या पुतण्याची, राहुलची, मिनिडोर दारात येऊन उभी राहिली. सासरे पुढे बसलेसुद्धा. आणि तेवढ्यात सासूबाई उंबऱ्यात थबकल्या.

"पण असं कसं जायाचं? मूळ कुठं हाय?"

आमच्याकडे नव्या नवरीला माहेरी न्यायचं तर माहेरचं माणूस यावं लागतं. त्याला मूळ येणं म्हणतात, आणि न्यायला येणाऱ्या भावाला मुऱ्हाळी. मुऱ्हाळ्याने शिदोरी घेऊन यायचं, सासरी गोडाचं जेवायचं, आणि मग बहिणीला घेऊन जायचं. शेवटी सासरी आणून सोडायची तीही त्यानेच. यात इकडचं तिकडे होत नाही.

"अगं, वादळ येतंय!" सासरे गाडीतून ओरडले.

"येऊ दे. वादळाला रीत नसंल, आपल्याला हाय का नाय? नवी सून मुऱ्हाळ्याशिवाय माहेरात गेली, तर लोक काय बोलतील? त्यात सासू-सासरे संगतीला, नवरा संगतीला, बोचकी संगतीला! आख्खं कुडपण बोलंल, पोरीला परत कराया आले!"

सासरे गाडीतून उतरले.

"आई, मी सार्थकला मेसेज टाकतो," हे म्हणाले. "'ताबडतोब मूळ घेऊन ये.' झालं. तो बाइकवर येईल, आपण त्याच्या मागोमाग निघू. प्रोसिजर कम्प्लीट."

मेसेज गेला. म्हणजे ह्यांच्या मोबाइलमधून निघाला. मी चहाचा कप ठेवताना डोकावून पाहिलं: त्याच्यापुढे एकच बरोबरची खूण होती, म्हणजे पलीकडे पोचलेला नव्हता. मी तसं सांगणार होते. पण हे म्हणाले, "बघा, गेला!" आणि सगळ्यांना इतकं बरं वाटलं की माझ्याच्याने मोडवेना.

आम्ही मुऱ्हाळ्याची वाट पाहू लागलो. आभाळ राखेसारखं झालं. नारळाच्या झावळ्या एका बाजूला झुकल्या त्या सरळ व्हायचं विसरल्या. ओमभावजींचा लाल रंग जांभळा झाला. राहुल मिनिडोरमध्ये झोपून उठला, परत झोपला. भोंग्याची रिक्षा पुन्हा येऊन गेली आणि यावेळी तिच्या आवाजात विनंती उरली नव्हती. तरी आम्ही ओटीवर बोचकी मांडीवर घेऊन बसलो होतो, एसटी चुकलेल्या कुटुंबासारखे. ह्यांच्या मोबाइलमधली ती खूण अजून एकटीच होती.

आणि दुपार कलताना खरोखरच बाइकचा आवाज आला. सार्थक!

"आला!" सासूबाईंनी टाळी वाजवली. "मुऱ्हाळी आला!"

"मानलं," हे म्हणाले. "काय रिस्पॉन्स टाइम आहे!"

मी सार्थककडे पाहिलं. नखशिखान्त भिजलेला. डोळे आत गेलेले. आणि त्याने पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याकडे नाही, आमच्या छपराकडे. मुऱ्हाळी असा येत नाही. मुऱ्हाळी बहिणीकडे बघून हसतो. याने वाशांपासून सुरुवात करून भिंतीपर्यंत सगळं घर डोळ्यांनी ठोकून-वाजवून पाहिलं.

"बस रे, बस," सासूबाई म्हणाल्या. "सुनबाई, मुऱ्हाळ्याला शिरा कर."

"अगं, रवा माळ्यावर बांधलाय!" सासरे म्हणाले.

"सोडा मग! मुऱ्हाळी कोरड्या तोंडानं धाडू?"

मग ह्यांनी माळ्यावर चढून दोऱ्या सोडल्या. गॅसची टाकी खाली आली. टाकीमागे रवा, रव्यामागे साखर, आणि तुपाची बरणी सापडायला सगळीच बोचकी सोडावी लागली. बाहेर वारा गाडीचं कापड फडफडवत होता आणि आत मी वेलची कुटत होते. सार्थक काहीतरी सांगायला तोंड उघडायचा. पण मुऱ्हाळ्याने जेवायच्या आधी कामाचं बोलायचं नसतं, असं म्हणून सासूबाई त्याच्या तोंडापुढे पाण्याचा तांब्या धरायच्या.

"दाजी," शेवटी तो हळूच म्हणाला, "पुराचं पाणी कुठवर येतं हो हितं?"

सासऱ्यांना अख्ख्या दिवसात कुणी इतका आवडीचा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं, भिंतीपाशी नेलं, आणि त्याच्या डोक्याच्याही वर असलेल्या चौकटीवर बोट ठेवलं. "हितवर!"

सार्थक खाली बसला. शिऱ्याचा घास त्याने तोंडात घातला, पण तो गिळायला त्याला फार वेळ लागला.

"विहीणबाईंनी काय निरोप धाडलाय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई बोलली..." सार्थकने माझ्याकडे पाहिलं, "...सगळ्यांना भेटून ये, खुशाली बघ."

"लय मायाळू हो. आन शिदोरी?"

सार्थकच्या पाठीला पिशवी होती. ती त्याने अजून उतरवली नव्हती. सासूबाईंनीच पुढे होऊन ती हलक्या हाताने काढली. आत टॉवेलात गुंडाळलेला पितळी डबा निघाला. तो आमच्या घरचा आहे हे मी ओळखलं, आणि तो कशाचा आहे हेही ओळखलं. पण तोवर सासूबाईंनी, बहुतेक बेसनाचे लाडू असतील अशा चेहऱ्याने, झाकण उघडलं होतं.

डब्यात तांदूळ होते. तांदळावर आमच्या घरातले देव होते. चांदीचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा. सगळे सासूबाईंकडे बघत होते.

सासूबाईंनी झाकण लावलं. मग परत उघडून पाहिलं. "शिदोरीला देव?" त्या मला विचारू लागल्या. "तुमच्याकडं अशी रीत हाय?"

सार्थकच्या घशातला घास एकदाचा खाली गेला. "मावशी, मी मूळ घेऊन नाय आलो," तो म्हणाला. "तलाठी येऊन बोलले, वरती थांबू नका, पत्रे ऱ्हायचे नायत, दरडीचं पण भ्या हाय. पोलादपुरात शिरायला जागा नाय. आप्पा बोलले, ताईकडं काय जमतंय का त्याचा अंदाज घेऊन ये."

"आणि आप्पा-आई कुठे आहेत?" हे मी विचारलं. (बहुतेक ऐकू गेलं नाही. सासऱ्यांनी तेच परत विचारलं.)

"फाट्यावर. पिकअपवाल्यानं सोडलंय. आप्पा बोलले, लेकीच्या दारात न बोलावता उभं ऱ्हायाचं नाय."

मला वाटलं, आता सासूबाई चिडणार. त्या चिडल्याही.

"माझी विहीण वाऱ्यात फाट्यावर बसलीय आन तू हितं शिरा खातोस?" असं म्हणून त्यांनी सार्थकच्या पुढची बशी ओढून घेतली.

आम्ही सगळे मिनिडोरमध्ये कोंबले गेलो. फाट्यावर पोचलो तेव्हा पावसाचे थेंब आडवे यायला लागले होते. आप्पा वाऱ्याकडे पाठ करून पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते. आईने डोक्यावर इरलं घेतलं होतं आणि शेळी 'तुडील' असं लिहिलेल्या पाटीला बांधली होती. शेजारी पाण्याचा मोठा कॅन. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असा आप्पांचा नेम. म्हणून ते कुडपणचं पाणी पुराच्या गावात घेऊन आले होते.

मला पाहून आईने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला, कारण आधी विहिणींनी भेटायचं असतं. दोघी वाऱ्यात एकमेकींना कुंकू लावू लागल्या. कुंकू कपाळावर कमी आणि शेळीवर जास्त गेलं.

"पावणं," सासरे हात जोडून म्हणाले, "आवो आमी तुमच्याकडंच निघालो हुतो!"

"आन आमी तुमच्याकडं," आप्पा म्हणाले.

दोघं हसले. खूप हसले. मला वाटलं, आता कुणीतरी पुढचं बोलेल. पण पुढचं बोलायचं म्हणजे आपल्या घरात राम नाही हे व्याह्याच्या तोंडावर कबूल करायचं. ते कोण करणार?

"मग चला की आमच्याकडं," सासरे म्हणाले. "घर तुमचंच हाय."

"छ्या छ्या! तुमी निघालाच हुता, तर आता आमच्याकडंच या. मी माघारी फिरतो."

"आवो, दारात आलेला पावणा असा धाडू व्हय?"

"आन तुमी बोचकी बांधल्यात ती सोडाया लावू? तुमीच चला!"

"तुमीच!"

"नाय, आधी तुमी!"

माझ्यासमोर दोन वयस्क, शहाणीसुरती माणसं एकमेकांचा हात धरून ओढत होती. एक बुडणाऱ्या घराकडे, दुसरा उडणाऱ्या घराकडे. जो जिंकेल त्याच्या घरासोबत सगळेच जाणार होते. ह्यांनी मध्ये पडून "दोन्ही ऑप्शनचे प्लस-मायनस काढू," असं म्हणत छत्री उघडली. छत्री उलटी झाली आणि ह्यांना दोन पावलं घेऊन गेली. सासूबाई आईला "चला ना बाई" म्हणत होत्या आणि आई "नको बाई, तुमीच" म्हणत होती. आईचे ओठ निळे पडले होते. कुठेतरी कडाड करून एक फांदी मोडली.

आणि कुणीतरी ओरडलं.

"गप ऱ्हावा सगळी! गाडीत बसा! राहुलभावजी, गाडी शाळेकडं घ्या!"

सगळे गप्प झाले. शेळीसुद्धा. मीही इकडेतिकडे पाहिलं, कोण बोललं म्हणून. सगळे माझ्याकडे बघत होते, त्यावरून अंदाज आला.

"आमचं घर उडतं आणि यांचं बुडतं," मी म्हणाले, आणि आता तोंड उघडलंच आहे तर म्हणून पुढे म्हणाले, "सार्थक, शेळी सोड. आप्पा, ट्रंक उचला. बाबा, सदूभाऊ असू देत नाहीतर आणखी कुणी, तुम्ही आत जाताय. आई, बसा." (दोन्ही आया बसल्या.)

मिनिडोर निघाल्यावर आमचे हे सार्थकच्या कानात म्हणाले, "हिला एवढा आवाज आहे, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"दाजी, आमाला तरी कुठं म्हाईत हुतं?"

शाळेच्या दारात सदूभाऊ चावीचा जुडगा घेऊन उभे होते. सासरे मिनिडोरमधून उतरले आणि सवयीने बाजूला बांध आहे का ते पाहू लागले. पण मागून आप्पा उतरत होते, आणि व्याह्यांच्या देखत गावातली भांडणं काढणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं. सदूभाऊही गावचेच, त्यांनाही हे कळत होतं.

"या या पावणं!" सदूभाऊ आप्पांना म्हणाले आणि सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सयाजी म्हंजे आमचा अगदी घरातला माणूस."

"पालखी आधी ह्यांच्याकडंच नाचते," सासरे दातांवर दात ठेवून, हसत म्हणाले. "मोठं घर."

आम्हाला दुसरीचा वर्ग मिळाला. सासूबाई आणि आई यांनी फळ्याखालच्या कट्ट्यावर दोन्ही घरचे देव शेजारी-शेजारी मांडले, आणि मान कुणाचा यावरून पुन्हा "आधी तुमचे" सुरू झालं, तेव्हा दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी फक्त बोट दाखवलं. देव बसले. आप्पांनी सदूभाऊंना विचारलं, "पाणी सरकारी हाय ना? मग चालंल," आणि एका दमात तांब्या संपवला. खिचडीही सरकारी होती. आपल्या लेकीच्या गावात पोटभर जेवणारा बाप म्हणून आप्पांचं मला कौतुक वाटलं.

मग वादळ आलं. त्याच्याबद्दल गमतीने लिहिता येत नाही. भिंतीबाहेर कुणीतरी मोठी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवावं, तसा तो आवाज होता आणि तो थांबतच नव्हता. खिडकीची फळी सासरे आणि सदूभाऊ दोघांनी मिळून पाठीने दाबून धरली होती. मी आईच्या कुशीत होते. दुसऱ्या बाजूने सासूबाईंनी माझा हात धरला होता, आणि माझ्या अंगावरून आईचाही.

सकाळी उघडलं. सगळी माणसं जागच्या जागी होती, बाकीचं हळूहळू कळलं. कुडपणहून शेजाऱ्यांचा फोन आला: पत्रे नाहीत, भिंती आहेत. आमच्या तुडीलच्या घरात पाणी येऊन गेलं होतं, चिखल ठेवून. सासऱ्यांनी पहिल्यांदा विचारलं ते चौकटीबद्दल. पाणी तिच्या खालीच राहिलं होतं, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. आप्पा पत्रे शोधायला परत निघाले, आणि जाताना सासऱ्यांनी ह्यांना हाताखाली त्यांच्यासोबत धाडलं.

आता माझा आवाज एकदा फुटलेला होता. मी म्हटलं, फुटलाय तोवर वापरून घ्यावा.

"आई," मी सासूबाईंना म्हणाले, "मी पण जाऊ का कुडपणला? तिकडे मदत होईल. आणि माझं माहेरपण पण..."

"माहेरपण?" सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "झालं की!"

"कधी?"

"कधी म्हंजे? मूळ आलं. मुऱ्हाळी शिरा जेवला. संगतीला देव आलं, असं माहेरपण तालुक्यात कुणाचं झालं नसंल. आईच्या कुशीत निजलीस. बापानं तुझ्या ताटाशेजारी बसून खाल्लं. आता काय ऱ्हायलं?" मग त्यांना काहीतरी आठवलं. "ओटी!" त्यांनी आईला खूण केली, आणि आईने खिचडीच्या पोत्यातले मूठभर तांदूळ माझ्या पदरात घातले.

मी आईकडे पाहिलं. जन्मदात्री आई.

"विहीणबाई बोलतात ते बरुबर हाय," आई म्हणाली. "वरती आता छप्पर तरी कुठं हाय? ये दिवाळीला."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मुऱ्हाळ्याने नेलेली मुलगी मुऱ्हाळ्यानेच आणून सोडायची असते. त्यामुळे शाळेच्या दारात रीतसर निरोप झाला. मी सगळ्यांच्या पाया पडले. आईने डोळ्यांना पदर लावला, सासूबाईंनी तिला धीर दिला, सदूभाऊंच्या घरच्यांनीही दोन अश्रू काढले. मग सार्थकने बाइक सुरू केली, मी मागे बसले, आणि टेपाडाच्या उतारावरून खाली, म्हणजे शाळेच्या खिडकीतून दिसतं त्या आमच्या घरी, मला सासरी पोचवायला निघाला. मी वळून हात हलवला. खरं सांगायचं तर मलाही रडू आलं.

मध्ये मोडून पडलेला आंबा होता, म्हणून सार्थकला वळसा घ्यावा लागला. सासूबाई बांधावरून चालत आमच्या आधी पोचल्या होत्या. पदर खोचून, घोटाभर चिखलात, दारात उभ्या.

"आलीस माहेराहून?" त्या म्हणाल्या, आणि खराटा माझ्या हातात दिला. "घे. विसावा झालाच असंल."